काट्याकडे पाठ

वजनकाटे विकणारे पोवारभाऊ स्वतःचा चिवडा तोलला जाताना काट्याकडे कधीच बघत नसत. मी चिवडा काट्यावर ठेवला की ते पाठ फिरवून माझ्या दुकानाच्या दारात उभे राहत आणि विमानतळावर उतरणारी विमानं बघत. मला आधी वाटलं, माणूस विमानांचा शौकीन आहे. विचारलं तर म्हणाले, "आपल्या माणसाचा काटा बघू नये, वहिनी. विश्वासाला नजर लागती."

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही चंदीगडला लागून असलेल्या मोहालीला आलो आणि मी विमानतळाजवळच्या एयरोसिटीत चिवडा-भाजणीचं लहानसं दुकान थाटलं. पोवारभाऊ कोल्हापूरकडचे. पडत्या काळात इथल्या एका काटे बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने त्यांना नोकरी दिली, राहायला खोली दिली, तेव्हापासून ते चंदीगडचेच झाले. दुकानदारांशी पंजाबी, माझ्याशी कोल्हापुरी आणि स्वतःशी पुटपुटताना हिंदी. माझा काटा त्यांनीच स्कूटरवरून आणला. त्यावर सोनेरी स्टिकर होता, 'भारत सरकार द्वारा अनुमोदित'. त्यावर दोनदा थाप मारून म्हणाले, "सरकारनं पास केलाय. एकदम पक्का."

दिवाळीच्या तोंडावर वजनमाप खात्याचा निरीक्षक आला. त्याने काटा उलटा केला, स्टिकरवरचा मंजुरीचा नंबर तपासला आणि सांगितलं, की हा नंबर कंपनीच्या दुसऱ्याच मॉडेलचा आहे, हे मॉडेल मंजुरीसाठी कधी गेलेलंच नाही आणि काट्यावर खात्याचा पडताळणीचा शिक्काही नाही. भर गिऱ्हाइकांत काटा जप्त झाला. मी भाऊंना फोन केला आणि काही हातचं राखून बोलले नाही.

ते संध्याकाळी आले, मालकाला भेटूनच. मालक म्हणाला होता, वजन बरोबर दाखवतो ना, मग स्टिकरने कुणाचं काय बिघडलं? आणि वजन खरंच बरोबर होतं. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, लबाडी मालकाची, तुम्ही का झुरता?

"काटा खोटं बोलला न्हाई, वहिनी. मी बोललो. सरकारचं नाव घेऊन बोललो. मालकाला मंजुरीचा कागद एकदाबी मागितला न्हाई. आपला माणूस, म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून ते विकलेल्या काट्यांवरचे स्टिकर काढत फिरू लागले. दुकानदार हात जोडून आभार मानतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय! सेक्टर ३४ मधल्या मिठाईवाल्याने तर काट्यावर हातच ठेवला. "रहने दो जी, इसे देखकर ग्राहक चुप रहता है." भाऊ त्याला समजावत बसले, की मी तुला फसवलंय, हा काटा बाजूला ठेव आणि खात्याचा शिक्का बघून दुसरा घे. हे मालकाच्या कानावर गेलं. हे थांबव नाहीतर चालता हो, असं त्याने बजावलं. भाऊंनी त्याच्या पाया पडून त्यानेच दिलेल्या स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली. मला हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडणं त्यांच्या फार जिवावर आलं होतं.

कोल्हापूरला परत जाण्याआधी ते प्रवासासाठी चिवडा घ्यायला आले. माझ्याकडे नवा, शिक्क्याचा काटा होता. मी तोलायला घेतलं. बाहेर विमान घरघरत गेलं, पण भाऊ वळले नाहीत. त्यांनी वाकून शिक्का बघितला आणि आकडा स्थिरावेपर्यंत नजर हटवली नाही. मला ते लागलंच.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

"येऊ दे. आपल्या माणसाचाच काटा आधी बघायचा, वहिनी. मालकाचा येळेवर बघितला असता, तर आज त्यास्नी सोडून जायला लागलं नसतं."

आकडा बरोबर अर्ध्या किलोवर होता. मी डब्यातून आणखी मूठभर चिवडा घेतला आणि पिशवीत टाकू लागले. तेव्हा मात्र भाऊंनी पाठ फिरवली आणि दारात जाऊन विमान गेलेल्या रिकाम्या आकाशाकडे बघत उभे राहिले.