बंबकाकांची चाळीस मिनिटं

बंबकाका कुणाच्याही घरी गेले की चहाला नाही म्हणायचे, हातातलं घड्याळ बघायचे आणि सांगायचे, "घरात आग लागली अन् आता यवतमाळले फोन केला, असं समजा. बसा." मग स्वतः ओसरीत बसून राहायचे. एकदम गप्प. घरचे कावरेबावरे. कुणी जांभया द्यायचं, कुणी भाजी निवडायला घ्यायचं, एखादं म्हातारं मधेच विचारायचं, "झालं का बापा?" काका नुसती मान हलवायचे. चाळीस मिनिटं झाली की उठायचे. "हं. आता बंब आला. काय उरलं असन ते पाहून घ्या." आणि सायकल काढून पुढच्या घरी.

ते नगर परिषदेत करवसुलीला होते. वसुलीवाला दिसला की लोक दार लावून घेतात. काकांना तर नवीन टॅक्स लोकांच्या गळी उतरवायचा होता. गावाला स्वतःचा आगीचा बंब नव्हता, तो यवतमाळहून यायचा. तो घ्यायचा, चालवायला माणसं ठेवायची, तर घरपट्टीसोबत अग्निशमन कर लागणार होता. आधी महिनाभर हरकती, मग सुनावणी. हरकती फार आल्या की ठराव बारगळणार. काकांची नोकरी संपत आली होती, आणि त्याआधी गावात बंब आलेला पाहायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. "साहेब लोकायले वाटते, नोटीस भिंतीवर चिकटवली का झालं काम," ते म्हणायचे. "हो म्हणणारा माणूस भिंतीपाशी नाई रायत. घरात रायते."

साल वाईट होतं. कापसाला भाव नव्हता, म्हणून कुणी तो विकलाच नव्हता. आज ना उद्या भाव येईल म्हणून घराघरात आढ्यापर्यंत कापूस. आमच्याही मधल्या खोलीत होता. त्यावरच गोधडी टाकून झोपायचो आणि सकाळी अंग खाजवत उठायचो. समोरच्या शोभाकाकू तर काकांवर तडकल्याच. "कापसाले भाव नाई, अन् तुम्ही टॅक्स मांगाले आले? लाज नाई वाटत?"

"वाटते नं बाई," काका म्हणाले. "पण भाव असता तर तुम्ही कापूस इकून मोकळ्या झाल्या असत्या. आज तुमच्या सासूची बाज कापसाले लागून हाय. म्हणूनच आलो."

सासूबाई लकव्यानं पडून होत्या. काकूंनी एकदा बाजेकडे पाहिलं, पण चाळीस मिनिटं काही बसल्या नाहीत.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून गावभर नकला करत फिरायचो. आमदार, कंडक्टर, दूधवाला, सगळ्यांची नक्कल यायची. पण सगळ्यात जास्त फर्माईश बंबकाकांची. एकदा पानठेल्यावर मी रंगात आलेलो, आणि मागे काका उभे. मी गार. ते म्हणाले, "अबे, घड्याळ पाह्यतानी मी हात लांब धरतो. जवळचं दिसत नाई मले. नक्कल कर, पण धड कर."

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. काका उभे राहिले. "घरात आग लागली..." एवढं म्हणाले, आणि पुढचं मी मागून त्यांच्याच आवाजात म्हटलं, "अन् यवतमाळले फोन केला, असं समजा. बसा!" सभागृहात हशा फुटला. काकाही हसले. त्यांनी आणखी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी त्यांच्या आधी बोललो. मग ते खाली बसले. हरकतींचा गठ्ठा टेबलावर पडून होता. ठराव बारगळला. त्या दिवशी पानठेल्यावर मला तंबाखू-सुपारीचा खर्रा फुकट मिळाला.

चैतात, भर दुपारी, शोभाकाकूंच्या घरात वायर जळाली. कापसाची आग वरून कमी दिसते, आत धुमसत जाते. यवतमाळला फोन केला, आम्ही बादल्या मारल्या, दोन-तीनदा आत शिरलो, पण त्या धुरात बाज सापडेना. काका सायकल टाकून धावत आले. काकू रस्त्यावर ओरडत होत्या, "काका, पाहा ना हो बंब कुठंसा आला!" काकांनी घड्याळाचा हात पाठीमागे घेतला. बंब आला तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या.

ठराव पुन्हा आला. या वेळी काका कुणाच्या घरी गेले नाहीत. तो पास झाला ते सांगायला मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं. रिटायर होऊन ते बोरी अरबला मुलीकडे निघाले होते.

"काका, झालं! एकबी हरकत नाई!"

"सुनावणीले कोण कोण आलतं?"

"कोणीच नाई."

"भांडाले बी नाई?" त्यांचा चेहरा उतरला. "असं नोतं पाह्यजे रे मले. समजून हो म्हणाले पाह्यजे होते लोक. हे तर भेवून गप्प बसले."

"काका, त्या दिवशी मी..."

"तू काय? लोक हसले म्हंजे ऐकून राह्यले होते. त्याच वक्ती मी बोलाले पाह्यजे होतो. मी काहून बसलो बे खाली?"

उत्तर मला माहीत होतं. मी त्यांची पिशवी उचलली. गाडी लागली.

बंब आला. हार घातला, नारळ फुटला, फोटो निघाले. काकांना बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही. हिवाळ्यात बोरी अरबवरून काका गेल्याचा निरोप आला आणि मी मातीला गेलो. तिथं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाहुणे कुठले?" मी गाव सांगितलं. म्हटलं, "आमच्या गावात बंब ह्या काकायनं आणला."

म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मंग बाकीचे लोक मांगून येऊन राह्यले का?"