वरची नळी

तुमच्या घरातला एखादा माणूस महिनाभर एका कागदी नळीची जागा शोधत बसला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? माझ्या मावशीच्या यजमानांना आम्ही वेडे म्हणत होतो. आज म्हणतो, मुलुंडपासून अंधेरीपर्यंत इतका सरळ माणूस दुसरा झाला नाही.

काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कुणाकडेही गेले की चहाआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. लग्नात सगळे अक्षता टाकत असताना हे तोरणाकडे बघत उभे, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत खुर्चीवर चढून ते नीट बांधलेलंही असायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, झोळीत सदैव मोर्च्यांची पत्रकं. माझं पहिलं पत्रक त्यांनी पट्टीने मोजलं.

"मजकूर डावीकडे झुकलाय रे."

"झुकायलाच हवा, काका."

ते हसले नाहीत. उरलेली पत्रकं मागून घेतली आणि त्यांची घट्ट गुंडाळी करून रॉकेटचं अंग बनवलं. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष. 'चंद्रावर माणूस, चाळीत पाण्याचा थेंब नाही' ही माझी ओळ त्या रॉकेटच्या पोटावर आली. आत दिवाळीतल्या बाणाचं नळकांडं, खाली तीन पंख. ते उभं करायला मावशीच्या छत्रीचा दांडा काढून घेतलेला. मावशी म्हणायची, "ह्यांचा राकेट उडात तेवा उडात, माझी छत्री मातर आदीच गेली."

रॉकेटच्या कुशीला दोन आखूड नळ्या चिकटवायच्या आणि त्या उभ्या दांड्यात ओवायच्या, म्हणजे ते दांड्यावरून सरकत वर जातं. "सुटताना ते आंधळं असतं," काका सांगायचे. "वेग येईस्तोवर पंखांचा उपयोग नाही. पहिले तीन फूट कुणीतरी धरावं लागतं." एक नळी शेपटाकडे, दुसरी तोलाच्या जागेजवळ, दोन्ही एका रेषेत. तोल बघायला ते रॉकेट दोऱ्यावर टांगायचे. पंखांना रंगाचा एक हात दिला की तोल सरकायचा, आणि काका खूण पुसून पुन्हा टांगायचे. असा महिना गेला.

हा खेळ नव्हता. जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले होते, रॉकेट मुलांसमोर सरळ उडालं, तर मुलांना हे शिकवायला शनिवारचा एक तास तुमचा. स्वतःला मूलबाळ नसलेल्या काकांनी त्या तासासाठी नवी वही आखून ठेवली होती.

आदल्या संध्याकाळी खालची नळी घट्ट बसली होती. वरच्या नळीला सरस लावून काका म्हणाले, "एवढं जरा धर, सुकेपर्यंत. मी आंघोळ करून येतो." मी धरली. पण मला पाण्याच्या प्रश्नावरच्या सभेला जायचं होतं. अजून ओली असतानाच सोडली आणि निघालो. सभा तासभर उशिरा सुरू झाली.

सकाळी मैदानावर मुलं रांगेत बसली होती. काकांनी वात पेटवली. रॉकेट वीतभर चढलं आणि दांड्यावरच अडकलं. माझी ओळ चंद्रापासून थेंबापर्यंत जळत गेली. मुलं हसली. काकांनी राखेत बोट घालून दांड्यावर अर्धवट जळून उरलेली वरची नळी चाचपली. केसभर तिरकी होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या आता हे, काका."

"नळी माझ्याच हातून तिरकी बसली, सर."

पट्टीवरच्या एका रेघेसाठीही खोटं न बोलणाऱ्या माणसाचं मी ऐकलेलं हे एकच खोटं. आणि अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारा मी बाजूला उभा होतो, गप्प.

शनिवारचा तास मिळाला नाही. गेल्या वर्षी काका गेले. मावशीने मला त्यांनी नंतर बनवलेलं दुसरं रॉकेट दिलं. खालची नळी पक्की. वरच्या नळीच्या जागी फक्त पेन्सिलची खूण, बारीक आणि सरळ.

म्हणून माझी एकच मागणी आहे. घरात कुणी "एवढं जरा धर" म्हणालं, तर हातातलं पत्रक खाली ठेवा आणि धरा. सुकेपर्यंत.