ब्रह्मपुरीचा लॉन आणि जंगलातला फोन

लग्नासाठी लॉन बघायला ब्रह्मपुरीला जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "बसनं जा." पण निखिलनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं, साक्षगंधाआधी (साखरपुड्याआधी) हप्त्यांवर नवी बाईक घेतली होती ना! साक्षगंधाला ड्रोनही त्यानंच आणला, आणि मी उधारीवर शालू. हौसेला मोल नाही, असं दोघंही म्हणत होतो.

ऊर्जानगरहून सकाळी निघालो. वाटेत मूल गावी तर्री-पोहे खाल्ले; दोघांचं चहासकट शंभरात भागतं. रस्ता चांगला आहे, पण पुढे जंगलात विनाकारण थांबायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

निखिल थांबला.

खिशातला फोन मूलपासून सारखा वाजत होता. मला ऐकू जाऊ नये म्हणून तो चालत थेट झाडांकडे गेला. झुडपात काहीतरी खसखसलं.

मागून येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्या भाऊंनी ब्रेक मारला. "काऊन थांबले बाप्पा इथी? पिल्लंवाली वाघीण फिरून राह्यली!"

"निखिल, चाल!" मी ओरडले.

"सर, सोमवारी नक्की भरतो," तो फोनवर गयावया करत होता. वाघिणीचं ऐकूनही त्यानं फोन ठेवला नाही. मग मला वाघिणीपेक्षा त्या फोनचीच जास्त भीती वाटली.

तिथून निघून सिंदेवाहीला चहा घेताना त्यानं सांगितलं. बाईकचे हप्ते थकले म्हणून मोबाईलवरून कर्ज, ते फेडायला दुसरं. "आज तुह्या बाबाले फोन लावतो म्हणून राह्यला तो वसुलीवाला."

"अन् लॉनचा अ‍ॅडव्हान्स?"

"तो पण कर्जाचाच. तू लग्न मोडशीन म्हणून सांगतलं नाई. मले लय भेव वाटते."

मोडावं असं माझ्या मनात आलंच, खोटं कशाला बोलू? चहा संपेपर्यंत मी बोटातली अंगठी फिरवत होते.

"त्यानं लावायच्या आधी तूच सांग बाबाले," मी म्हणाले.

तिथूनच परत फिरलो. परतताना जंगलात फोन वाजत राहिला, निखिल थांबला नाही. घरी बाबांसमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला. बाबा उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत ऐकत बसले.

अ‍ॅडव्हान्सचे पैसे तेच कर्ज फेडण्यात गेले. पुढे बाईक विकली, शालू परत केला, आणि लग्न दारातल्या मांडवात ठरलं. ब्रह्मपुरी बघायची राहिलीच. तुम्ही जाणार असाल तर बसनं जा.

फोन वाजला की आम्ही दोघंही अजून दचकतो. फक्त तो आता उठून बाहेर जात नाही.