पंचांसमोर सांगितलेलं उत्पन्न

लातूरला बी. फार्मसीला नंबर लागला तेव्हा वाटलं, जिंकलं आपण. कसलं काय! शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारण काय, तर कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. जास्त? आमचं? माझे बाबा गवंडी. पावसाळ्यात काम बंद पडलं की घरी बसून राहणारा माणूस.

मुदखेडच्या सेतू केंद्रातल्या माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, मी काय करू? तुमच्या दाखल्यावर जे हाय तेच दिसून राहिलं." मी तहसीलचा दाखला नीट वाचला. मर्यादेच्या वर पन्नास हजार! दाखला काढून आणला तेव्हा मी तो न वाचताच फाइलला लावला होता, तीही अक्कल माझीच. पोर्टल शनिवारी बंद होणार होतं. शिष्यवृत्तीतूनच लातूरची खोली आणि मेस भागणार होती. ती नाही तर लातूर नाही आणि कॉलेजही नाही.

घरी येऊन बाबांना विचारलं, "तलाठ्याला हा आकडा कुणी सांगितला?"

"मीच."

"का पण?"

 त्यांच्याऐवजी आईच बोलली, "पंच म्हणून कोण बसलं होतं, ते विचार की त्यास्नी."

तो जबाब दिला तेव्हा ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, उदगीरचं स्थळ आलं होतं आणि बोलणी चालू होती. मुलाचे चुलते आमच्याच गावात राहतात. उत्पन्नाच्या जबाबावर सही करायला तलाठ्यांनी दोन पंच बोलावले, त्यात नेमके ते. होणाऱ्या इवायासमोर, व्याह्यासमोर, खरं कसं सांगायचं? दिला बाबांनी आकडा ठोकून. लग्न पार पडलं आणि तो कागद बसला माझ्या मानगुटीवर.

माझं डोकंच फिरलं. गावात ज्यांच्या दारात दोन-दोन ट्रॅक्टर, त्यांच्या पोरांचे दाखले मर्यादेच्या आत. आणि आमचा शहाणा माणूस, घरावर पत्रे असताना श्रीमंत होऊन बसला! "तुमच्या मोठेपणापायी माझं वाटोळं होऊन राहिलंय," मी ओरडले.

"तुला काय कळतंय?" बाबाही चिडले. "चार माणसांत बसून आपली गरिबी सांगता येती व्हय?"

"सांगावी लागती. शाळेत मी दरवर्षी सांगत आले, फीमाफीवाल्यांनी हात वर करा म्हटलं की."

 दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच तलाठ्याकडे नेलं. तलाठी म्हणाले, पहिला जबाब चुकीचा होता असं लिहून द्यावं लागेल. आणि पंच तेच पाहिजेत, नाहीतर वर तहसीलला कागद अडकेल. मला वाटलं होतं, आता बाबा उठून जातील. ते म्हणाले, "बोलवा."

इवाई आणि दुसरे पंच आले, खुर्च्यांवर बसले. बाबा उभेच. शेजारची खुर्ची मोकळी होती तरी उभेच. तलाठ्यांनी नवा जबाब वाचून दाखवला. इवाई हसले. "काय इवाई, एवढ्यात इतकं घटलं व्हय उत्पन्न?"

मला वाटलं, बाबा काहीतरी थाप मारतील. कामं कमी झाली, मंदी आली, काहीही. मीच मनातल्या मनात म्हणत होते, मारा ना एखादी थाप.

"घटलं न्हाई," बाबा म्हणाले. "तेवढं कधी नव्हतंच."

इवायांचं हसू विरलं. त्यांनी मान खाली घालून सही केली. दुसऱ्या पंचांनी केली, बाबांनी केली. मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या कागदावर होतं, आणि तो हिसकावून टराटरा फाडावा असं वाटलं मला. फाडला नाही. तलाठ्यांचा शिक्का उमटताच तो उचलला आणि बाबांच्या तोंडाकडे न बघता तहसीलच्या रस्त्याला लागले.