छातीतली गाठ मूळची कुठली?

पॅथॉलॉजीवाल्यांना किस्से कोण विचारतो! आमचं गिऱ्हाईक बोलतच नाही, काचेवर चिकटून बसतं. पण ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये एकेक असं पाहिलंय, की आठवलं तरी हात कपाळावर जातो.

*

बुरोंडीचा एक जण वडलांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा घेऊन आला. डबी उघडली तर आत सगळं कोरडं, पांढरंफटक!

"तुकडा टिकवायचं फॉर्मेलिन कुठंय?" मी ओरडलो.

"त्या औषधाला घाण वास येत होता, आयशीने ओतलंन. मग नासेल म्हणून मीठ लावलंन!"

तुकडा खारवला होता! आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. बिचाऱ्या म्हाताऱ्याला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.

*

मग सावर्ड्याच्या इंदूताई आल्या. वय चाळीस, दोन मुली शाळेत, आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसभर गाठी. त्या फुप्फुसाच्याच असतील तर तेव्हा फारसं काही हातात नव्हतं. दुसऱ्या अवयवातून आलेल्या असतील तर कधीकधी इलाज असायचा.

तपासणीसाठी तुकडा काढून पाठवणारे सर्जनसाहेब फोनवर म्हणाले, "अहो, फुप्फुसातून काढली म्हणजे फुप्फुसाचीच! लिहून टाका."

मॅडम भडकल्या. "एस्टी स्टँडवर उतरलेला प्रत्येक जण रत्नागिरीचाच का हो?" आणि फोन आपटला!

*

गाठ कुठली ते कळावं म्हणून इंदूताईंच्या तुकड्याला खास रंग द्यायचं काम माझ्याकडे. मी घाईत जादा रंग धुवायचाच विसरलो. स्लाइड लालभडक!

"अरे गाढवा, असं रंगवलंस तर माझ्या टेबलालासुद्धा कॅन्सर निघेल!" मॅडम कडाडल्या.

तुकडा नखाएवढा, त्यात एक काप वाया. दुसरा नीट रंगवला, तरी उत्तर मिळेना. शेवटी उरलेला तुकडा मॅडमनी मुंबईला धाडला. तिथे पेशी कुठल्या अवयवाची ते ओळखणारे नवे रंग नुकतेच आले होते.

*

मुंबईचा रिपोर्ट आला. एका नव्या रंगाने पेशी तपकिरी झाल्या होत्या, म्हणजे ओळख पटली होती. थायरॉइड! गळ्यातल्या ग्रंथीचा कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. "इलाज आहे रे!" मॅडम अक्षरशः ओरडल्या. लगेच इंदूताईंच्या यजमानांना, नानांना, बोलावलं.

"गळ्याचं ऑपरेशन झालं होतं का कधी?"

"छे हो! नुसती एक गाठ काढलेली. झाली आठ वर्षं."

"ती तपासली होती?"

"डॉक्टरांनी बाटलीत घालून माझ्या हातात दिली होती, लॅबच्या चिठ्ठीसकट."

"मग?"

"आहे की! घरी शोकेसमध्ये."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आठ वर्षं... कुणालाच दाखवली नाहीत?"

"असं कसं? आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवतो!"