खंडेनवमीला बंद केलेल्या दोन पेट्या

मुलांनो, तुमची ही आजी साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या विभागावर टपून बसलेल्या माणसाबद्दल तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

तो फौजेतून आलेला सुभेदार. कारखान्याचा इलेक्ट्रिक विभाग त्याच्याकडे होता. संगणक विजेवर चालतो, म्हणून तोही आपल्याच हाताखाली हवा, असं त्याचं म्हणणं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. इस्लामपूरजवळचा आमचा कारखाना आणि सांगलीचं विक्री कार्यालय एका खास टेलिफोन लाइनने जोडलेलं होतं. त्या लाइनच्या तोंडाशी मी दोन फायरवॉल बसवून घेतल्या होत्या. आत कोणाला सोडायचं, कोणाला नाही, हे या पेट्या ठरवत. एक काम करी, दुसरी तयारीत बसे. पहिली बंद पडली की दुसरीने लगेच काम उचलायचं.

"एका कामाला दोन पेट्या?" सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाला होता. "दुसरी काय सवत हाय व्हय, बाई?"

"फौजेत राखीव तुकडी ठेवता, तिला काय म्हणता?" मी विचारलं. तेव्हापासून आमचं उघड वैर.

मी भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले असताना सांगलीचं कार्यालय नव्या जागेत गेलं आणि त्यांच्या लाइनचा क्रमांक बदलला. खंडेनवमीच्या सकाळी मी परतले, तर लाइन सुरू होती. पेट्यांचा पासवर्ड फक्त मला आणि, मी नसताना अडू नये म्हणून, सुभेदाराला माहीत होता.

"कोणी जोडली?" मी विचारलं.

"आपोआप झाली," तो म्हणाला. "तुमच्याबिगर काय अडत न्हाई."

पेट्या तपासायला बसणार, तोच पूजेची गडबड सुरू झाली. खंडेनवमीला आमच्याकडे एकूण एक यंत्र थांबवून, पुसून, त्याला हळदकुंकू वाहतात. मी म्हटलं, या दोघींची पूजा एकेक करून करा, एक तरी चालू राहू दे.

"देवाफुडं वशिला न्हाई," म्हणत सुभेदाराने दोन्ही प्लग स्वतः उपटले.

आरतीनंतर पेट्या सुरू केल्या. दिवे लागले, पण सांगली काही लागेना. नारळ फोडून आलेले चेअरमन म्हणाले, "बाई, प्रसाद वाटून होईपर्यंत लाइन आली न्हाई, तर उद्यापासनं विभाग सुभेदारांकडं."

मी पडदा पाहिला. सांगलीचा जुनाच क्रमांक होता. या पेटीत टाइप केलेलं मुद्दाम सेव्ह करावं लागतं. नाही केलं, तर बंद होताना ते पुसलं जातं आणि सुरू होताना पेटी जुनंच वाचते. एक जरी चालू राहिली असती, तरी तिने दुसरीला नवा क्रमांक दिला असता.

"सुभेदार, इथे कोणता क्रमांक टाकला होता?"

"म्या हात बी लावला न्हाई."

"मग आपोआप झाली होती. आपोआपच होऊ दे."

मी हात मांडीवर ठेवून बसले. सांगलीला फोन करून क्रमांक मला विचारता आला असता. मी विचारला नाही, आणि आजही विचारणार नाही. पेढ्यांचं ताट रांगेतून पुढे सरकत होतं. तेवढ्यात सांगलीहूनच फोन आला. साखरेचे ट्रक दारात थांबलेत, लाइनशिवाय पावत्या निघत नाहीत, काय करू, असं तिथला माणूस विचारत होता.

चेअरमन सुभेदाराकडे वळले. "पासवर्ड तुमच्याकडं बी हाय न्हवं?"

सुभेदाराने भिंतीकडे तोंड करून क्रमांक सांगितला. मी तो टाइप केला, सेव्ह केला. मग सगळ्यांदेखत पहिलीचा प्लग काढला, तेव्हा दुसरीने काम उचललं. शेवटी दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केल्या. सांगली लागली.

"आता हव्या तेवढ्या पूजा करा," मी म्हणाले.

"लय माज हाय बाईला," सुभेदार मला ऐकू जाईल असं पुटपुटला.

"हाय," मी म्हणाले, आणि ताटातला पेढा घेतला.

विभाग माझ्याकडेच राहिला. पुढे सुभेदार निवृत्त झाला, तेव्हा मी निरोपाला गेले नाही. त्यानेही बोलावलं नव्हतं.