एकशे ऐंशीवरचा काटा

आमच्या घरी पाहुणा आला की चहा नंतर, आधी काटा. खुंटीवर यांची जुनी हवेची रायफल टांगलेली असते. तिच्या मीटरचा काटा अकरा महिने एकशे ऐंशीवर होता. एकदा भरलेली हवा, तसूभर हलली नाही म्हणून कोण कौतुक! एवढं माझ्या पुरणपोळीचं केलं असतं तर? पण बोलून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

यांचं नाव वेणीमाधव. उखाण्याखेरीज मी ते घेत नाही, आज रागाने घेतेय. वडिलांनी इथे रामघाटावर वेद शिकवले आणि हे बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात हवेच्या ब्रेकांशी झटले. निवृत्त झाल्यावर तरी घरात लक्ष घालावं की नाही? नाही! नेमबाजी क्लबच्या बंदुका उघडून बसले. त्यांच्यात सिलिंडरने हवा भरतात, एका बारीक तोंडातून. आत ती अडते एका रबरी कड्यावर, त्याला म्हणतात सील. मसुराएवढं ते कडं, पण त्याचं सोवळं आमच्या सासूबाईंपेक्षा कडक. साधं तेल चालत नाही, सिलिकॉनचं ग्रीसच हवं, तेही नावापुरतं. तोंडावरची टोपी उघडी टाकायची नाही, कचरा जातो. दिवसातून तीनदा हेच. कान किटले हो माझे!

खंडेनवमीला आम्ही शस्त्रं पूजतो. विळी, अडकित्ता आणि यांचे नट पिळायचे पाने मी पाटावर मांडले. यंदा यांच्याकडे तपासायला आलेली अवनीची रायफलही होती. अवनी म्हणजे संकठा घाटाजवळच्या नरहरभटजींची नात. दसऱ्याला संध्याकाळच्या गाडीने ती लखनौला निवड चाचणीसाठी निघणार होती. भटजींनी बजावलं होतं, या खेपेला नाही जमलं तर बंदूक विकायची आणि गुपचूप बी.एड. करायचं. नवमीला पूजा झाल्यावर ती बंदूक घेऊन गेली.

दसऱ्याला दुपारी धापा टाकत परत आली.

"आजोबा, हवा टिकतच नाहीये! भरली की फुस्स! सब चौपट हो गया!"

यांनी उरलीसुरली हवा सोडली, तोंड खोललं आणि चिमट्याने सील बाहेर काढलं. ते कापलं गेलं होतं आणि चिरेत लाल काहीतरी अडकलं होतं. ते कुंकू होतं. टोपी घातलेल्या शस्त्राला कुंकू लावायचं तरी कसं, म्हणून पूजेत मीच टोपी काढली होती. तोंडाला कुंकू लावलं, दोन अक्षता टेकवल्या आणि टोपी परत बसवली. सकाळी अवनीने हवा भरली तशी ती सगळी पूजा आत घुसली.

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी पदर खोचला.

"जुनं झालं होतं गं," हे अवनीला म्हणाले. "बदलू."

बदलणार कशाने? शिल्लक सीलं गेल्या महिन्यातच संपली होती. नवी सीलं दिल्लीहून यायची, त्याला चार दिवस लागतात. अवनी पायरीवर बसून मुसमुसायला लागली.

"अहो, मी..."

"तू चहा टाक."

चहाचं आधण ठेवून वळते तो हे खुंटीवरची रायफल उतरवत होते. दोन्ही एकाच बनावटीच्या. यांनी हवेचा स्क्रू सैल केला. सूंऽऽ आवाज बराच वेळ येत राहिला. अकरा महिन्यांची हवा ती! यांनी मीटरकडे पाहिलंच नाही, मीच पाहिलं. काटा शून्यावर आला.

तिच्यातलं सील काढून, पुसून, ग्रीस लावून अवनीच्या रायफलीत बसवलं. हवा भरली, तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. एक बुडबुडा आला नाही. पोरीने दोघांच्या पाया पडून धूम ठोकली. माझ्या पाया तिने कशाला पडावं?

"टोपी मी काढली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. अक्षताही सापडल्या, दोन."

"मग बोललात का नाही? एरवी तर उसंत नसते!"

"तिची गाडी चुकली असती. पुढच्या वर्षी टोपीलाच कुंकू लाव."

असा माणूस! भांडायचीही सोय नाही.

चार दिवसांनी नरहरभटजी स्वतः पेढे घेऊन आले. अवनीची निवड झाली होती. मी चहा टाकायला उठले तोवर यांनी त्यांना हाताला धरून खुंटीपाशी नेलंसुद्धा.

"भटजी, हा काटा पाहा," हे छाती फुगवून म्हणाले. "शून्यावर आहे!"